ससा आणि दोन तितर

रावेरला निवृत्त रेंजरसाहेबांच्या नव्या बंगल्याचं रंगकाम सुकलालने संपवलं, तशी साहेबांनी त्याच्याकडूनच एक मोठी फ्रेम भिंतीवर टांगून घेतली. चित्रात बंदुकीशेजारी उलटा टांगलेला ससा, खाली टेबलावर दोन मेलेले तितर.

"हॉलंडचं चित्र आहे. तिकडच्या श्रीमंतांच्या घरात असायची अशी," साहेब म्हणाले. "तुला काय कळणार म्हणा."

सुकलालला चांगलंच कळत होतं. त्याच्या लहानपणी फॉरेस्टच्या रेंज ऑफिसातल्या टेबलावरही एक ससा आणि दोन तितरच होते. टेबलामागे शिकारीच्या गुन्ह्यात पकडलेल्या त्याच्या बापाला उभं केलं होतं. पंचनाम्याच्या फोटोसाठी बाप मान वर करेना, तेव्हा याच साहेबांनी हनुवटीखाली काठी घालून ती उचलली होती.

"आता माझा एक फोटो काढ," मोबाईल त्याच्या हातात देऊन साहेब चित्राशेजारी उभे राहिले. "चेहरा नीट आला पाहिजे."

"येईल ना."

मोबाईलमध्ये ससा आला, तितर आले, साहेब आले. सुकलालने दुसऱ्या हाताने रोलरची काठी उचलली आणि साहेबांच्या हनुवटीखाली लावली.

"तोंड वर कर."