तेरावं मशीन

हर्षलच्या हिशेबात त्या शनिवारच्या कामातून तीन गोष्टी जमेला यायच्या होत्या: कायम नोकरीचं पत्र, जयवंत साहेबांची खुर्ची आणि शहाद्याहून आईचा फोन, ‘आता पोरगी बघू का?’ खर्चाच्या बाजूला फक्त तेरा मशीनं.

सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या या यार्न कंपनीत तेरा लिनक्स होस्ट, म्हणजे छोटे संगणक होते. त्यातले बारा शेडमध्ये, सुताच्या बॉबिनवर चिकटवायची लेबलं छापणारे. तेरावा गेटवर, कार्ड दाखवलं की हजेरी घेणारा. संध्याकाळपर्यंत सगळे नव्या रिलीजवर न्यायचे होते. पूर्वी या कामात एकेक प्रोग्रामचं पॅकेज वेचत बसावं लागे, आणि दर मशीनची नाटकं वेगळी. आता अख्खी सिस्टीम एकाच इमेजमध्ये, म्हणजे तयार गाठोड्यात बांधलेली. मशीनला नव्या इमेजचं नाव सांगायचं, रीबूट करायचं, झालं. नोंदी जागच्या हलत नाहीत.

“म्हणजे आमच्या टोकरखाड्याच्या चाळीसारखं,” गेटवरचा भिका म्हणाला. “खोली बदलली, भांडी तीच.”

“तसंच, भिकाभाऊ.”

“पण एवढ्या कामाचा दिवस आणि आज बी नऊ वाजून दहाला? ऊन चढलं तेव्हाच म्हटलं, आता हर्षलभाऊ येतीलच.”

“ऑफिसवाल्यांना चालतं भो दहा-पंधरा मिनिटं,” हर्षल हसून आत शिरला.

जयवंत साहेब नेहमीसारखे आधीच बसलेले. ते किती वाजता येतात हे हर्षलने कधी पाहिलं नव्हतं. माणूस गुहागरचा, पण सिल्वासात एकोणतीस वर्षं काढलेली. कंपनीची एकही वायर त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. मशीन अडलं की सगळे त्यांच्याकडे धावत. अशी मातब्बरी कोण सोडेल? हर्षल कायम झाला की आपली किंमत संपली, हे म्हाताऱ्याला कळत नसेल का?

अकरापर्यंत सहा मशीनं झाली, एकपर्यंत बारा. हर्षलला बसवेना. प्रत्येक रीबूटला तो पडद्यासमोर येरझाऱ्या घाली, पडदा उजळला की पुढच्या मशीनकडे पळे.

“बारा झाली, साहेब. आता गेटचं घेतो.”

“जेव आधी.”

“जेवण कुठं पळून चाललंय?”

“गेट तरी कुठं पळतंय? ते सोमवारी कर. नाहीतर राहू दे, मीच करीन.”

हर्षलचे कान टवकारले. सहा महिने या माणसाने सगळं त्याच्याच हातून करून घेतलं होतं. आजच बरी हौस आली!

“मोठ्या साहेबांनी तेराच्या तेरा सांगितलीत.”

“बारा झाली तरी ते शाबासकी देतील रे. ऐक माझं. काही कामं दोन दिवस शिळी झालेली बरी असतात.”

म्हणजे एक मशीन राहिलं पाहिजे, आणि ‘पोराला काम पुरं झेपलं नाही’ असं वर कळलं पाहिजे. हर्षलने मनात खूणगाठ बांधली आणि डबा न उघडताच गेट गाठलं.

तेरावं मशीन हटून बसलं. नवी इमेज घ्यायला तयारच नाही. जुन्या इमेजवर कुणीतरी हाताने एक पॅकेज चढवलं होतं आणि ते नव्या रिलीजवर बसत नव्हतं. बाकी बारांवर असलं काही नव्हतं. पॅकेज चढवणाऱ्याचं नाव समोरच होतं: जयवंत.

हर्षलने ते उघडलं. दहा-बारा ओळींचा मामला. एका कार्डाची नऊनंतरची नोंद आली की हजेरीपत्रकात आठ अठ्ठावन्न लिहायचं.

त्याला शीळ घालावीशी वाटली. असं आहे होय! म्हातारा स्वतःचाच उशीर झाकतोय! कार्डाचा नंबर कुणाचा हे बघायच्या फंदात तो पडला नाही. चोराचा हात धरल्यावर खिसा कुणाचा हे काय विचारायचं?

गुपचूप पॅकेज काढून पुढे जाता आलं असतं. पत्र तर मिळणारच होतं. पण जमेला आणखी एक रक्कम दिसत असताना सोडेल तो हर्षल कसला? त्याने पॅकेज उडवलं, मशीन नव्या इमेजवर नेलं आणि पडदा उजळताच कावेरी मॅडमना फोन लावला. माणसांच्या फायली त्यांच्याकडे असत.

“मॅडम, हजेरीचं मशीन नवं झालं. मूळ नोंदींवरून सहा महिन्यांचं पत्रक पुन्हा काढून बघा ना. जुन्यात घोळ होता.”

“कुणाचा?”

“मी कशाला नाव घेऊ? कागदच बोलेल.”

वीस मिनिटांनी दोघांनाही बोलावणं आलं. जिन्याखाली जयवंत साहेब थांबले.

“काढलंस ते?”

“काढलं.”

“आणि पत्रक?”

“ते बी काढायला सांगितलं.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “बरं. चल मग.”

कावेरी मॅडमच्या टेबलावर ताजं पत्रक होतं. त्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. “जयवंत साहेब. उशीर, शून्य.”

हर्षलने मान पुढे केली. “नीट बघा, मॅडम.”

“नीटच बघतेय. हर्षल. उशीर, एक्केचाळीस. प्रोबेशनवर तीन चालतात, ठाऊक आहे ना?”

जयवंत साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

मॅडमनी सोमवारच्या सहीच्या फायलीतून दोन कागद बाहेर काढले आणि दोन्हींवर आडवी रेघ मारली. पहिलं हर्षलचं कायम नोकरीचं पत्र. दुसरा जयवंत साहेबांचा मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज, तीन वर्षं अडकलेला. त्यावर मोठ्या साहेबांच्या हातचा शेरा होता: ‘हर्षल कायम झाला की यांना गावी जायला मोकळं करा.’