निरंक

"फसलेला प्रयोग कुणाला दाखवायचा नसतो रे," असं गुरुजी एकदा मायेनं म्हणाले होते. ते डॉ. खांडेपारकरांच्या कानात तीस वर्षं राहिलं.

आता जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी फसलेल्या प्रयोगांवरूनच लागत होती. जो आपलं अपयश उघड मांडेल तो वर, कारण त्यामुळे दुसऱ्याची वर्षं वाचत. देशातलं एकही विद्यापीठ पहिल्या हजारात नव्हतं. खांडेपारकर दरवर्षीप्रमाणे क्रमवारीच्या अर्जात अपयशाच्या रकान्यात 'निरंक' लिहीत होते, तेवढ्यात त्यांची विद्यार्थिनी ज्योत्स्ना पाडवी रोपांचा ट्रे घेऊन आली. खाऱ्या पाण्यावर वाढवलेलं भात पुन्हा पिवळं पडलं होतं.

"बाराव्या दिवशीच मान टाकली, सर. तिसरं वर्ष हे. आई म्हणते, पोरी, तुझ्या हातालाच गुण नाही. मी उद्या पीएच.डी. सोडते."

खांडेपारकरांना तिच्याकडे बघवेना. ते ट्रेमधल्या ओल्या मातीकडे बघत राहिले.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही गं," ते म्हणाले. "माझंही भात बाराव्या दिवशीच मरायचं. अकरा वेळा मेलं. मी कुणाला सांगितलं नाही. तू विषय मागायला आलीस आणि मी हाच दिला, तेव्हाही नाही."