उपेंद्रचं इटालियन

तुरिनला तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकून उपेंद्र १९५८ साली बंगलोरच्या बसवनगुडीत परतला, तेव्हा त्याचं इटालियन ऐकायला अख्खी गल्ली ओसरीवर जमली. "स्वल्प भाषण होऊन जाऊ दे!" शेजारचे कल्लाप्पा म्हणाले. उपेंद्रनं उभं राहून ऐटीत चार वाक्यं म्हटली. कुणालाच काही कळलं नव्हतं, त्यामुळे टाळ्या भरपूर पडल्या.

"अर्थ सांग की," आई म्हणाली.

तो ओशाळला. "जेवलास का? स्वेटर घाल. इतका उशीर कुठं होतास? अजून एक घास घे... म्हातारी घरमालकीण दिवसभर एवढंच बोलायची गं."

"तिला मूलबाळ नाही?"

"एक मुलगा आहे. अर्जेंटिनात शिकतो."

आईनं आतल्या देव्हाऱ्याकडे बघत हात जोडले. "त्यालाही घरमालकीण अशीच मिळू दे रे देवा."