पुरुषभर खड्डा

लातूर नवा जिल्हा झाला, पण पाऊस काही आला नाही. जमिनीचा दगड झाला होता. पार्वतम्माचा धाकटा मलप्पा सकाळी कोरड्या विहिरीत मेलेला सापडला आणि दुपारपर्यंत त्याला रीतीप्रमाणे बसवून पुरायचा खड्डा तयारही होता. पंचनाम्याला आलेल्या फौजदारानं आत डोकावून थोरल्या सिद्धरामची पाठ थोपटली. "पुरुषभर खोल. कुणी खणला?" "म्या एकट्यानं," सिद्धराम फुगला. "दोन दिस लागले." मग आपण काय बोलून गेलो ते त्याला उमगलं, कालपर्यंत तर भाऊ वाटणी मागत हिंडत होता. "माय आजारी हाय, साहेब. तिच्यासाठी खणला. विचारा तिलाच." पार्वतम्माला सगळं कळलं. एक लेक गेलाच होता, उरलेला तरी वाचावा. "हाव साहेब," ती म्हणाली, "आठ दिसांपासून मी मरायलाच टेकले." आणि धाकट्याला आंघोळ घालायला टँकरवरून आणलेल्या दोन भरल्या घागरी तिनं डोक्यावरून उतरवल्या.