संपणारं नाव

सातवा महिना लागला तशी सूनबाई नावांच्या मागे लागली. सासूबाई सोफ्याच्या एका टोकाला बाळाचं टोपडं शिवत बसल्या होत्या. सूनबाई त्यांच्या शेजारी टेकणार, तोच त्या म्हणाल्या, "मधे नको गं, त्या टोकाला बस." मधे तर काहीच नव्हतं. पण हे त्यांचं रोजचंच, म्हणून ती मुकाट्यानं पलीकडे बसली आणि मोबाईलवरची नावं अर्थासकट वाचायला लागली.

"ऊर्मी. म्हणजे लाट."

"ओसरते. चालेल."

"शर्वरी. म्हणजे रात्र."

"उजाडलं की सरते. हेही चालेल."

"आई, ओसरणारं, सरणारं, असलं कसलं हो तुमचं मोजमाप? लोक लेकरासाठी उदंड आयुष्य मागतात. मला विचाराल तर अक्षया. कधीच न संपणारी."

सासूबाईंची सुई टोपड्यात तशीच राहिली.

"ते आमच्या थोरलीचं. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. मीच हौसेनं ठेवलं होतं, अर्थ बघून."

थोरली कुणी होती, हे या घरात सूनबाईसमोर कधी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. तिचा आवाज खाली आला. "कधी गेली?"

"पाळण्यातच गेली म्हणतात सगळे." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "पण पोर नावाला जागली."

आणि सोफ्यावरच्या मधल्या रिकाम्या जागेकडे वळून, लहान मुलाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, त्यांनी टोपडं मापाला लावून पाहिलं.