समोरचा कोपरा

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं ते गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमलं होतं. ज्याला जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं, मग डोकी मोजायची. सगळे गावच्याच सिनेटर कर्टिसच्या कोपऱ्यात दाटीनं उभे होते. समोर, युद्धाला विरोध करणाऱ्या उमेदवाराच्या फलकाखाली, म्हातारी आर्डिस एकटीच काठी टेकून उभी होती.

"काकू, एकटीचं मत धरत नाहीत," मोजणी करणारा लाईल म्हणाला. "फुकट जाईल. खरं तर सगळ्यांच्या आधी तुम्ही इकडे हव्यात."

"तुझं मोजून झालं का?"

"तुम्ही येताय म्हणून थांबलोय."

"मग थांबू नकोस."

लाईलनं मोजलं. आर्डिस सोडून सगळे कर्टिसचे निघाले. ती घरी पोचते तोच फोन वाजला.

"आई, निदान आज तरी माझ्यासाठी उभं राहायचंस," कर्टिस म्हणाला.

"तुझ्यासाठी अख्खं गाव उभं होतं, बाळा. तू ज्या युद्धाला होकार दिलास, त्यातून रसेल परत आला नाही. तुझ्या धाकट्या भावासाठी कोण उभं राहणार होतं? रविवारी जेवायला ये."