बिरोबाचं काळं कोकरू

"म्हातारबा, कळपात काळा नर एकही नाही?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मायाप्पा धनगराने भुरकट मेंढरांवरून नजर फिरवली. एके काळी काळ्या लोकरीसाठी नावाजलेला त्याचा कळप दरसाल फिका पडत चालला होता, म्हणून त्यानेच बाईंना बोलावलं होतं.

"काळा नर बिरोबाचा. बापजाद्यांपासून सगळ्यांत काळंभोर कोकरू निवडून देतो आम्ही. देवाला काय भुरकं द्यायचं?"

"अन् पैदाशीला भुरके ठेवता. मग काळा रंग पुढं नेणार कोण, बाबा? यंदा एखादं काळं जन्मलं असेल तर राखा. रंग हळूहळू परत येईल."

"जन्मलं होतं, एकच." मायाप्पा म्हणाला. "परवा जत्रेत देवाला बळी दिलं."

बाई गाडीवर बसून गेल्या.

"आता पुढल्या साली देवाला काय न्यायचं?" इतका वेळ मागे उभी राहून ऐकणाऱ्या बायकोने विचारलं.

मायाप्पाने खांद्यावरची काळी घोंगडी उतरवली. बापाच्या हातची, कडेला विरलेली. हळूच झटकून त्याने तिची घडी घातली.

"ही नेऊ," तो म्हणाला. "काळं आता एवढंच उरलंय."